सात किलोची हवा

त्या मे महिन्यात मी एका जागी धड पाच मिनिटं बसलेय असं मला आठवत नाही. फोडणी टाकताना फोन, फोनवर बोलताना खिडकीत, खिडकीतून परत गॅसपाशी. भाजी करपायची, मी चिडायची, आणि चिडून पुन्हा फोन लावायची. आमचा जुना कॉम्प्रेसर डोंबिवलीत एका इमारतीच्या पायावर बंद पडलेला. त्याचं हेड फुटलेलं आणि मिस्त्रीने सरळ हात वर केलेले. खाली काळा दगड अर्धवट फोडून पडलाय, माणसं सावलीत पत्ते कुटतायत, बिल्डर सारखा फोन करतोय, आणि आमच्या घरात नवीन मशीन कुठलं घ्यायचं यावरून जुंपलेली. डोक्याला नुसता ताप झालेला.

धंदा आमचा दगड फोडायचा. पाया खणताना खाली कातळ लागला की आम्हाला बोलावतात. कॉम्प्रेसर म्हणजे हवा दाबून देणारं इंजिन. त्याला रबराचे लांबलचक पाइप, आणि पाइपाच्या टोकाला जॅकहॅमर. त्याला आमच्याकडे सगळे नुसतं 'हातमशीन' म्हणतात. दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायचं, आणि ते दगडात होल मारत खाली जातं. धरणाऱ्याचं हाड न् हाड हलतं. फोन, डिझेल, माणसांचे पगार हे सगळं मी बघते, आणि दगड बघतो नवरा. (तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना एकेरी येतंय, तर येऊ दे.)

नवरा मूळचा देशावरचा, विहिरी खणणाऱ्या घरातला. मिसरूड फुटायच्या आधीपासून हातमशीन धरतोय. आता आमच्याकडे माणसं आहेत, त्याने धरायची काही म्हणजे काही गरज नाही. पण कामावर गेला आणि मशीन धरलं नाही असा एक दिवस दाखवा. म्हणतो, "धरल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही." आणि हे खरं आहे. नुसत्या हादऱ्यावरून तो सांगतो की खाली मुरूम आहे, की भेग आहे, की सलग काळा पत्थर. यात मी त्याला कधी कमी लेखलं नाही.

पण दिवाळीपासून त्याच्या हातांना काहीतरी व्हायला लागलेलं. सकाळी उठला की बोटं पांढरीफटक. मग मुंग्या. मग एक दिवस शर्टाचं बटण लागेना. काजात बटण घालायचा, ते निसटायचं, पुन्हा घालायचा. मला आधी वाटलं लाडात आलाय. म्हटलं, "काय हो, आता बटणं पण मीच लावायची का?" तो हसला नाही. तेव्हा मी पहिल्यांदा त्याची बोटं हातात घेऊन नीट बघितली.

कल्याणला डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः ओढत नेलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून बोटांना सुई टोचली, कापूस फिरवला, आणि मग माझ्याकडेच बघून बोलले. साखर आधीपासून आहे, त्यात हा रोजचा हादरा. बोटांच्या नसा मरत चालल्यायत. यापुढे हातमशीन धरलं तर उरलीसुरली जाणीवही जाईल, आणि ती एकदा गेली की परत येत नाही. नवरा "बरं बरं" म्हणाला. जिना उतरताना मला म्हणतो, "डॉक्टरला काय कळतंय, त्याने कधी धरलंय का?" मी भर जिन्यात जे काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यावर उपाय नव्हता असं नाही. चाकांच्या गाडीवर उभं केलेलं ड्रिल मिळतं. ते हातात धरायचं नसतं. बाजूला उभं राहून दांडे ओढायचे, होल आपोआप पडतं. फक्त त्याला मोठा कॉम्प्रेसर लागतो. म्हणजे बघा, आमच्या घरात चाललेली कटकट मशीनची नव्हतीच. मोठा घेतला तर गाडीचं ड्रिल येणार आणि याचे हात वाचणार. लहान घेतला तर हा पुन्हा हातमशीन धरणार. मी पाया पडले तरी धरणार.

आणि याला लहानच हवा होता. "आपल्या पिकअपला मागे जोडला की गेला," तो म्हणायचा. "बोळात शिरतो, चाळीच्या मागे शिरतो. मोठ्याला ओढायला ट्रॅक्टर लागतो, वळायला मैदान लागतं. विठ्ठलवाडीचं ते बोळातलं काम आठव. नेशील तिथे मोठा?"

"मला ते बोळातलं काम नकोच!"

"मग खाशील काय?"

यातलं काहीही खोटं नव्हतं, तेच तर दुखणं. आमची निम्मी कामं गावठाणांतली, दोन भिंतींच्या मधली. मोठं मशीन दारात आलं की ती कामं दुसऱ्यांकडे जाणार, हे मलाही दिसत होतं. रात्री अंथरुणावर पडले की मी मनातल्या मनात त्याची बाजू मांडायची आणि सकाळी उठून त्याच्याशीच भांडायची.

शेवटी आम्ही एमआयडीसीतल्या एका दुकानात गेलो. उन्हात पत्र्याखाली ओळीने मशीनं लावलेली. लहान होता, मोठा होता, विजेवरचा होता, डिझेलचा होता. आता या धंद्यात हवेचा दाब किलोत बोलतात. सहा किलोची हवा, सात किलोची हवा. नवीन माणसाला वाटेल वजन सांगतायत. कुणीही गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न हाच, किती किलोची? नवऱ्याने लहानावर हात आपटला. "ही किती किलोची?"

"सात," दुकानदार म्हणाला.

"आणि ती मोठी?"

"ती पण सातच."

नवरा माझ्याकडे वळला. चेहरा असा भोळा की विचारू नका. "ऐकलंस? दोन्ही सात किलोचीच. मग तुझं ते गाडीचं ड्रिल लहानावर पण चालेलच की. लहान घेऊ, वर ड्रिल पण घेऊ. झालं समाधान?"

मी खुळी, मला ते पटलं! इतक्या दिवसांची भांडणं आणि उत्तर इतकं सोपं. मला एवढा आनंद झाला की येताना मी जिलेबी घेतली. त्याला साखर आहे हेसुद्धा विसरले. त्याने एकही तुकडा खाल्ला नाही, नुसता बघत बसला. मला वाटलं, शहाणा झाला.

पण संध्याकाळी मला काही चैन पडेना. पाणी भरलं, कपड्यांच्या घड्या केल्या, मोडून परत केल्या. सातला सात, मग एक मशीन एवढंसं आणि दुसरं एवढं मोठं का? उगाच कोण कशाला एवढं लोखंड लावेल? उठले आणि दुकानात फोन लावला. दुकानदार हसायलाच लागला.

"मॅडम, किलो म्हणजे नुसता जोर. हवा किती निघते तो हिशोब वेगळा. एकाच टाकीला बारीक नळ लावा आणि मोठा नळ लावा. जोर तोच, पण बादली कुठल्याने आधी भरेल? लहानावर तुमचं ते ड्रिल जरा ठकठक करेल आणि बसेल. साहेबांना माहितीये की. ते मला म्हणाले, हातमशीनच लावणार आहे."

माझं डोकं असं फिरलं! साहेबांना माहितीये! मी बाहेरच्या खोलीत गेले. साहेब टीव्हीसमोर, हातात चहा.

"सात किलो काय?" मी म्हणाले. "मला येडी समजलात?"

त्याने कप खाली ठेवला. कोण फोन करून काय बोललं ते त्याला विचारावं लागलं नाही. तो एकदम उसळला.

"हो, समजलो! काय करू मग? त्या गाडीपाशी दांडे ओढत उभा राहू? लिफ्टमनसारखा? माणसं होल मारणार आणि मी बाजूला उभा राहून बघणार? मग मी कामावर जायचं तरी कशाला, तू सांग."

"हात शाबूत ठेवून घरी या. मला बाकी काही नको."

"हात, हात, हात! हात माझे आहेत ना?"

"बटणं कोण लावतं?" मी ओरडले. त्यावर तो उठून गॅलरीत गेला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला, आणि त्या रागात मी उरलेली जिलेबी खालच्या वॉचमनला देऊन आले.

दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. बिल्डरचा फोन आला की मी "आज बघतो, उद्या बघतो" करायची. चालत बाजारात जायची आणि काही न घेता परत यायची. मग तिसऱ्या दिवशी सकाळी, मी बटणं लावत असताना, नवरा माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत म्हणाला, "आंबिवलीला एकाकडे जुनी मशीनं आहेत. एक लहान आहे, एक मोठी आहे. जाऊन येऊ."

"लहान बघायला मी येणार नाही."

"ऐक तर. मी लहानाला हात लावून बघतो. गरम लागली तर सोडून देतो. मोठी घेतो, गाडीचं ड्रिल घेतो, दांडे ओढतो, सगळं करतो. पण गार लागली, तर तू यावर पुन्हा एक शब्द बोलायचा नाहीस."

हे हात लावणं काय ते सांगते. जुनं मशीन विकत घेताना आमच्याकडे कागदपत्रं बघत नाहीत, हात लावतात. मशीन चालू करायचं, कामाला लावायचं, चांगलं तापू द्यायचं. मग हवेच्या टाकीच्या तोंडाशी उजवा तळहात टेकवायचा आणि पाच वेळा 'विठ्ठल' म्हणायचं. पाचवा विठ्ठल होईपर्यंत हात टिकला तर मशीन निरोगी. आधीच उचलावा लागला तर आतल्या झडपा गेल्यात, नाहीतर हवा गार करणारी जाळी तुंबलीये, आणि मशीन पुढेमागे दगा देणार. त्याच्या वडिलांनी असंच मशीन घेतलेलं, त्यानेही असंच.

मी विचार केला. नवरा माझ्याशी किलोवरून खोटं बोलला होता, पण मशीनबद्दल तो कधी खोटं बोललेला नाही. तापलेल्या मशीनला गार म्हणणं त्याच्या जिभेवर यायचं नाही, स्वतःच्या फायद्यासाठीसुद्धा नाही. आणि जुनं मशीन, मे महिना, गरम तर निघणारच. मी म्हटलं, "कबूल. पण शप्पथ घ्या." त्याने गळ्याला हात लावून शप्पथ घेतली.

आंबिवलीचा तो वाडा म्हणजे स्टेशनपासून आत, एक मोकळं मैदान, चारी बाजूंनी पत्रे. मालक तिथलाच जुना, आगरी म्हातारा. पूर्वी शेती होती, आता त्याच जमिनीवर मशीनं उभी करून भाड्याने देतो. पांढरी बंडी, गळ्यात जाड चेन, आणि बोलणं मोठ्याने, कारण कायम इंजिनांच्या आवाजात बोलायची सवय. "ये, ये, बस पावना," म्हणाला. "वयनी, तू बी बस." बसायला मला कुठे होत होतं. मी त्या मोठ्या मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या. ते कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभं होतं. लहान मशीन मध्यभागी, दोन चाकांवर, नुकतंच रंगवलेलं.

मालकाने लहान चालू केलं. धडधड सुरू झाली, धूर निघाला. नवऱ्याने पाइप जोडला आणि मला काही कळायच्या आत कोपऱ्यातलं हातमशीन उचलून तिथल्याच एका दगडाला लावलं. "अहो!" मी ओरडले, पण त्या आवाजात ऐकू कुणाला जातंय. दगडाची पांढरी पूड उडत होती आणि नवरा वाकून मशीन दाबत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ना, खरं सांगते, लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी वाटलं, कशाला मी हे याच्यापासून काढून घेतेय? हा मेला तरी चालेल पण हे मशीन धरूनच मेला पाहिजे असा माणूस आहे हा. मग मला माझाच राग आला आणि मी पुन्हा फेऱ्या मारायला लागले.

बराच वेळ मशीन चाललं. मग त्याने हातमशीन खाली ठेवलं, हात पँटला पुसले आणि कॉम्प्रेसरपाशी गेला. मीही गेले. म्हातारा कमरेवर हात ठेवून उभा. नवऱ्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि टाकीच्या तोंडाशी उजवा तळहात टेकवला, अगदी सपाट.

"विठ्ठल," तो म्हणाला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता उचलेल, आता उचलेल.

"विठ्ठल. विठ्ठल."

कपाळाला आठी नाही, काही नाही. चौथा विठ्ठल झाला, पाचवा झाला. तो हसायला लागला आणि हात तसाच ठेवून मला म्हणाला, "गार आहे गं! अजून पाच म्हणू?"

"म्हून तं सांगतंय, आमची मशीन हाय," म्हातारा खूश झाला.

झालं. हरले मी. मला कळत होतं की तो खोटं बोलत नाहीये, इतकी वर्षं तोंड बघतेय मी त्याचं. नवरा हात टाकीवर ठेवूनच म्हाताऱ्याशी बोलायला लागला, टायर नवीन टाकून देणार का, डिझेल किती खाते. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. शब्द दिलेला. आता तोंडाला कुलूप. उद्यापासून हा रोज धरणार, आणि मी रोज बटणं लावणार, मग पुढे घास भरवणार. डोळे भरून आले ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी मशीनकडे तोंड केलं. आणि चीड अशी आली त्या मशीनची, की एवढी कसली गार आहेस गं बाई, बघू तरी. मी त्याच्या हाताच्या शेजारी माझा हात टेकवला.

माझ्या तोंडून विठ्ठलातला 'वि'सुद्धा निघाला नाही. किंकाळीच निघाली. हात ओढला तर तळवा लालबुंद, आग आग, मी तिथेच खाली बसले.

"आगो बाय! कशाला गो हात लावलास!" म्हातारा इंजिन बंद करायला धावला.

नवऱ्याला काही कळेना. तो एकदा माझ्याकडे, एकदा टाकीकडे. हात त्याचा अजून टाकीवरच. "अहो, काढा!" मी किंचाळले. "हात काढा तो!" त्याने काढला आणि उलटा करून बघितला. सगळ्या तळव्याची कातडी पांढरी पडून फुगलेली, करंगळीखाली सोलून आलेली. तो ते बघत राहिला. इंजिन बंद झालेलं, त्यामुळे एकदम सगळीकडे शांत, आणि त्या शांततेत तो हळू आवाजात मला म्हणाला, "मला गार लागली गं. शप्पथ. मी खोटं नाही बोललो."

"माहितीये मला."

"खरंच गार लागली."

"माहितीये हो."

त्याने मला दंडाला धरून उठवलं आणि जवळजवळ ओढतच कडेच्या पत्र्याच्या शेडपाशी नळ होता तिथे नेलं. जाता जाता म्हाताऱ्याला म्हणाला, "ती मोठी काढा ताडपत्रीतून. मोठीच न्यायची आहे." मागे वळूनही बघितलं नाही त्याने. मी इतके दिवस याच एका वाक्यासाठी जीव काढला होता, आणि ते कानावर पडलं तेव्हा मला हमसून रडायला आलं.

नळाची टाकी वर पत्र्यावर, काळी, सकाळपासून उन्हात. नवऱ्याने नळ सोडला, माझा भाजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि धारेखाली धरला. पाणी चहा करावा इतकं कढत आलं. ते तळव्यावर पडलं तसा माझा जीव कळवळला. तो मात्र माझा हात नीट उघडून, एकेक बोट हळूच सोडवून, सगळीकडे पाणी लागेल असा धरून उभा होता. मग त्याने मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं.

"पाणी गार आहे ना गं?"

मी दात दाबून धरले. हात काढला नाही.

"हो," मी म्हटलं. "गार आहे."